हौसाला आभाळातून मी उतरवलं

हे मी पोराला सांगितलं नाही, सुनेला नाही, देवापुढं उभा राहिलो तरी तोंडातून काढलं नाही. शाळा माझी चौथीपर्यंत, लिहिताना हात अडखळतो. पण तोंडानं सांगणं जमत नाही — म्हणून लिहितोय. तुम्ही मला ओळखत नाही, ते एक बरं आहे.

माझी नात सोनल लोणावळ्यात पर्यटकांच्या गेमिंग सेंटरात कामाला आहे. तिथला एक जुना डबा तिनं घरी आणला. डोळ्यांवर बांधायचा, कान झाकायचे, दोन्ही हातांत त्याच्या मुठी धरायच्या. व्हीआर म्हणतात त्याला. माणूस आपल्या ओट्यावरच बसलेला असतो, पण त्याला दिसतं की आपण यान चालवतोय, चंद्राच्या जवळून चाललोय. मला तो डबा पहिल्यापासून पटला नाही. ज्यात शिरलेला माणूस हाकेला ओ देत नाही, ती वस्तू चांगली कशी असेल?

सोनलनं तो माझ्या बायकोला बांधला. हौसाला. गुडघे गेलेले, मोरीपर्यंत जायचं तरी भिंत धरायची. जन्मभर चिखलात वाकून भाताची लावणी केलेली बाई — मान वर करून आभाळ बघितलं असेल ते ढग किती आलेत एवढंच बघायला. ती खुर्चीत बसून यान हाकायला लागली. हाकायलाच म्हणतो, कारण बैलांशी बोलावं तशी बोलायची.

"हो हो हो... आरं दगड आला, वळ की मेल्या!"

सोनल हसून लोळायची. "आजे, बैल न्हाई त्यो, यान हाय!"

"मग बैलावानी वडतंय कशाला?"

खोटं कशाला बोलू, फायदा दिसत होता. गुडघ्यांचं नाव काढीना, दोन घास जास्त जेवायची, शेजारणींना शनीची कडी कशी दिसते ते सांगायची. तोटाही होता. डबा काढला की गरगरायचं. एकदा चुलीवरचं दूध उतू गेलं, हिला पत्ता नाही. एकदा खुर्चीतून कलंडता कलंडता राहिली. हे सगळं मी बोलून दाखवायचो, मोठ्यानं. पण माझं दुखणं ते नव्हतंच.

मग काय होतं?

एकदा ती डब्यात असताना मी तिच्या तोंडापुढं हात हलवून बघितला. ती माझ्या आरपार बघत होती — आणि हसत होती. तसं हसताना मी तिला कधी बघितलं होतं? आठवेना. तिथं कोण आहे? कुणाला बघून हसते ही? या वयात बायकोवर असला संशय, लिहिताना लाज वाटते. डबा काढल्यावर विचारलंच.

"मी दिसतो का गं तितं?"

"तुमी कशाला दिसाल? तितं कुणीबी न्हाई. लय बरं वाटतं."

सहज बोलली ती. मला मात्र भाताच्या कुसळासारखं रुतलं. कुणी असता तर त्याच्याशी भांडलो असतो. कुणीच नाही म्हणून तिला बरं वाटतंय — याच्याशी कसं भांडायचं?

पुढं तिला जरा जास्त चक्कर आली. मी कामशेतला डॉक्टरकडे नेली. ती आत सुई टोचून घेत होती, तेवढ्यात मी बाहेर डॉक्टरांना त्या डब्याचं विचारलं. ते म्हणाले, खेळू द्या की, बसून खेळायचं, थोडा वेळ, गरगरलं की काढायचा.

घरी येऊन मी सांगितलं, डॉक्टरांनी साफ नको म्हटलंय. जिवाला धोका आहे.

सोनलनं डबा कपाटावर ठेवला. मग हौसा ओट्यावर बसून कपाटाकडं बघायची. एकदाच म्हणाली, "डागदर नक्की तसंच म्हनलं का वं?" मी म्हणालो, "व्हय." तिच्याकडं न बघता.

थंडीत ती झोपेतच गेली. हृदय थांबलं.

दहाव्याला इंद्रायणीकाठी पिंड ठेवला. कावळा शिवेना. कावळे नव्हते असं नाही, समोर फांदीवर बसलेले होते. अशा वेळी गेलेल्याची राहिलेली इच्छा बोलून दाखवायची, ती पुरी करू म्हणायचं. पोरगा म्हणाला, आबांना सांभाळू. सून म्हणाली, सोनलचं नीट लग्न करू. चुलतभाऊ म्हणाला, तिची गाय विकणार नाही. मग सगळे माझ्याकडं बघायला लागले.

मला ठाऊक होतं काय बोलायचं ते. पण डब्याचं बोललो असतो तर सोनल म्हणाली असती — आबा, डॉक्टर तर नको म्हणाले होते ना? मी पाण्याकडं बघत राहिलो. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला.

येताना सून म्हणाली, "त्या डब्यानंच घात केला. त्या चकरंपासनंच सुरुवात झाली." सोनल मागंच होती, तिनं ऐकलं. तिचं तोंड पांढरं पडलं. मी काय केलं? म्हणालो, "जाऊ दे, पोरीला काय कळतंय." म्हणजे तिला माफ केल्यासारखं. मी. तिला.

डॉक्टर नको म्हणाले नव्हते. ते मी म्हणालो. तिला तिथं माझ्यावाचून बरं वाटत होतं, म्हणून म्हणालो.

सोनल कामावरून आली की आधी आजीच्या फोटोपुढं जाते, कान धरते, पुटपुटते. मी बाजूलाच बसलेलो असतो. हौसाच्या त्याच खुर्चीत.