मागच्या सीटवर तिघं

"चार सेंटिमीटर कमी पडतात," निलेश म्हणाला.

लॅपटॉप त्यानं स्वतःच्याच गाडीच्या बॉनेटवर उघडून ठेवला होता. स्क्रीनवर गाडीच्या मागच्या सीटचं ड्रॉइंग होतं आणि त्यावर तीन रंगांचे तीन चौकोन. मागच्या सीटची रुंदी एकशे बत्तीस सेंटिमीटर. मुलांच्या तीन कार सीटची बेरीज एकशे छत्तीस. माणूस मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत इंजिनियर, त्यामुळे आकड्यात चूक असण्याची शक्यता नव्हती. मी टेप लावून पुन्हा मोजलं. चारच कमी पडत होते.

कुवेतमध्ये, अर्दियाच्या एका वर्कशॉपमध्ये मी अॅक्सेसरीज सेक्शन सांभाळतो. सनफिल्म, रूफ रॅक, रिव्हर्स कॅमेरा आणि मुलांच्या कार सीट, असली कामं. गाव रत्नागिरीजवळ, नाव युसूफ. इथं येणारी मराठी माणसं दोन वाक्यांत ओळखतात आणि मग युसूफकाका म्हणायला लागतात. निलेश आणि त्याची बायको अश्विनी पुण्याचे, राहायला सालमियात. मोठी मुलगी ईरा साडेपाच वर्षांची. त्यानंतर चार महिन्यांपूर्वी जुळं झालं, एक मुलगा, एक मुलगी.

अश्विनी एका ऑफिसात अकाउंटंट. तिची रजा आठवड्याभरात संपत होती. निलेश शिफ्टसाठी पहाटेच कंपनीच्या बसनं जातो. म्हणजे सकाळी ईराला शाळेत आणि जुळ्यांना बेबी सिटरकडे सोडून ऑफिस गाठायचं, ते तिनं एकटीनं. दोन फेऱ्या करायच्या तर पहिल्या फेरीत घरी कोणाला ठेवणार? तिघं एकाच वेळी गाडीत बसली तरच तिची नोकरी राहणार होती.

आमचा मुदीर, म्हणजे मॅनेजर, हानी. माणूस इजिप्तचा, मनानं चांगला, पण बे, म्हणजे गाडी उभी करून काम करायची जागा, रिकामा दिसला नाही की त्याला चैन पडत नाही.

"युसूफ, फिटिंगच्या फॉर्मवर 'नॉट रेकमेंडेड' टिक कर आणि त्यांना शोरूममध्ये पाठव. सात सीटची गाडी घेतील. खलास."

"सात सीटच्या गाडीत तिसऱ्या रांगेत हे सगळं बसतं का, ते आधी बघावं लागेल."

"ते शोरूमवाले बघतील."

"शोरूमवाले रंग बघतात," मी म्हणालो. "मला बारापर्यंत वेळ दे."

त्यानं घड्याळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि चहा प्यायला गेला. याला मी परवानगी समजतो.

खरं तर अश्विनीलाच दुसरी गाडी नको होती. तीन वेळा टेस्ट देऊन तिला लायसन्स मिळालं होतं, तेही याच गाडीवर हात बसवून. त्यांच्या बिल्डिंगचं बेसमेंट असं, की खांबांमधून ही गाडी काढतानाही आरसे मिटावे लागतात. ती म्हणाली, "काका, मोठी गाडी आली तर ती बेसमेंटमध्येच राहील आणि मी घरात."

मी कामाला लागलो. आधी गाडीचं पुस्तक वाचलं, मग तिन्ही सीटची पुस्तकं. निलेशला हे आवडलं. त्यालाही पुस्तकं वाचायला आवडत असणार.

थोडं समजावून सांगतो. गाडीच्या मागच्या सीटच्या फटीत, दोन्ही खिडक्यांच्या बाजूला, दोन-दोन लोखंडी कड्या असतात. मुलांच्या कार सीटला मागे दोन हूक असतात, ते त्या कड्यांत खटकन बसतात. याला आयसोफिक्स म्हणतात. सोपं काम, चुकायला वाव कमी. पण कड्या जिथं आहेत तिथंच सीट बसणार, एक बोटभर इकडे नाही की तिकडे नाही. आणि मधल्या जागेला बहुतेक गाड्यांत या कड्या नसतातच. तिथं गाडीच्याच सीट बेल्टनं कार सीट बांधायची असते.

निलेशनं आग्रह धरला म्हणून पहिल्यांदा त्याच्या ड्रॉइंगप्रमाणे केलं. ईराची सीट एका खिडकीला, जुळ्यांपैकी एकाची दुसऱ्या खिडकीला, दोन्ही आयसोफिक्सवर. राहिलेली मध्ये. मधली सीट खाली टेकलीच नाही, दोघींच्या वर अधांतरी राहिली.

"बघा," निलेश म्हणाला. "चार सेंटिमीटर."

त्याच्या आवाजात मला वाईट वाटल्याचा सूर सापडेना. उलट हिशेब बरोबर आल्याचं समाधान होतं. मी सीट काढत असताना तो हळूच म्हणाला, "काका, मी तर हिला सांगतोय, दोन-तीन वर्षांचाच प्रश्न आहे. मुलांना घेऊन पुण्याला राहायचं. तिथं आजी-आजोबा आहेत. मुलं जरा मोठी झाली की मी परत आणीन सगळ्यांना."

अश्विनी एका जुळ्याला थोपटत उभी होती. हा विषय त्यांच्या घरात बोलून बोलून संपला होता, हे कोणालाही कळलं असतं.

मला राग लवकर येतो. बायकोही हेच म्हणते आणि हानीही. गिऱ्हाइकाच्या घरच्या गोष्टीत तोंड घालू नये हा आमच्या धंद्यातला साधा नियम आहे आणि तो मी त्या दिवशी मोडला.

"साहेब, मीसुद्धा दोनच वर्षं म्हणालो होतो."

"म्हणजे?"

"माझी मुलगी परत कुवेतला आली ती व्हिजिटवर. नवऱ्याला घेऊन."

मी टेप घेऊन पुन्हा आत वाकलो.

मुलगी लहान होती तेव्हा आम्ही इथंच, फरवानियात राहायचो. दोन दारांची जुनी जपानी गाडी होती. शुक्रवारी संध्याकाळी जैतून, माझी बायको, नटूनथटून पुढं बसायची. मुलगी सना मागच्या सीटवर उभी राहून आमच्या दोघांच्या मधून डोकं काढायची. समुद्राच्या रस्त्यानं सालमियापर्यंत जायचं, शवर्मा घ्यायचा, गाडीतच खायचा. सना माझ्या मानेला लोंबकळून मागून घास मागायची आणि माझ्या शर्टाच्या कॉलरला लसणाची चटणी लागायची. कोणी कोणाला बेल्टनं बांधलेलं नव्हतं. आज असलं कोणी माझ्यासमोर केलं तर मी गाडी अडवून भांडेन. अल्लाहची मेहेरबानी, की आम्हाला काही झालं नाही. पण खरं सांगतो, त्या शुक्रवारांइतका सुखी मी नंतर कधी झालो नाही.

मग आरिफ झाला. सनाची शाळा, तान्हं मूल, दिवसभर गाडी माझ्याकडे, जैतून चौथ्या मजल्यावर अडकलेली. मी हिशेब केला आणि तो बसेना. जैतूनला गावी परत जायचं नव्हतं. ती म्हणत होती, काहीतरी जमवू. मी म्हणालो, दोनच वर्षं. एअरपोर्टवर सनानं स्वतःची छोटी बॅग स्वतः धरली होती आणि तिनं विचारलं, "अब्बा, तुमचं तिकीट कुठाय?" दोन वर्षांची सतरा झाली. आरिफला मी सुट्ट्यांमध्ये मोठा होताना पाहिलं, एका वर्षी एवढा, पुढच्या वर्षी एकदम तेवढा.

असो. मी बेमध्ये होतो आणि घड्याळात अकरा वाजत आले होते.

निलेशची बेरीज बरोबर होती, पण त्यानं प्रत्येक सीट जिथं सगळ्यात रुंद आहे तिथं मोजली होती. आमच्या कोकणात शेअर जीपमध्ये तिघांच्या सीटवर चौथा बसवायचा असला, की ड्रायव्हर म्हणतो, "एक पुढं, एक मागं व्हा." खांदे एका रेषेत आले की भिडतात, पुढं-मागं झाले की मावतात. कार सीटचंही तसंच. तान्ह्या बाळाची सीट उलटी, गाडीच्या मागच्या काचेकडे तोंड करून बसवतात. धक्का बसला तर मान सीटच्या पाठीला टेकलेली राहावी म्हणून. अशी सीट डोक्याकडे रुंद असते, म्हणजे गाडीच्या पुढच्या बाजूला, आणि पायांकडे अरुंद. ईराची सीट सरळ तोंडाची. तिचा रुंद भाग खांद्यांपाशी, म्हणजे अगदी मागे. सरळवाली मध्ये आणि उलट्या दोन खिडक्यांना ठेवल्या तर रुंद भाग एकमेकांसमोर येत नाहीत.

"आणि आयसोफिक्स वापरायचं नाही," मी म्हणालो.

"काय?" निलेश उसळलाच. "ते जास्त सेफ असतं ना?"

"नीट बांधलेला बेल्ट तेवढाच सेफ असतो. आयसोफिक्स फक्त चुकू देत नाही. बेल्टवर बांधली तर सीट दाराकडे दोन बोटं सरकवता येते. दोन्हीकडे दोन-दोन बोटं. हिशेब करा."

त्यानं मनातल्या मनात केला. लॅपटॉप बंद केला.

आधी मधली सीट बांधली, कारण तिच्या बेल्टचं बकल नंतर हाताला येत नाही. वरचा पट्टा मागच्या हुकात घालून ताणला. मग बाजूच्या दोन. तिन्ही टेकल्या. निलेशनं प्रत्येक सीट धरून हलवली. एकही हलली नाही.

"झालं!" तो म्हणाला. आता मात्र तो खरंच खूश दिसला.

"झालं नाही," मी म्हणालो, आणि उजवीकडची सीट सोडून बाहेर काढली. "आता मधली हलवा."

मधली डुगडुगली. तीन सीट दाटीवाटीनं बसल्या की एकमेकींना दाबून घट्ट वाटतात. ते खरं घट्ट नसतं. प्रत्येक सीट स्वतःच्या बेल्टवर उभी राहिली पाहिजे. बेल्ट जिथून जातो तिथं धरून हलवायची, एका इंचापेक्षा जास्त हलता कामा नये. मी मधल्या सीटवर गुडघा देऊन सगळा भार टाकला आणि निलेशला बेल्ट ओढायला सांगितला. रिफायनरीचा माणूस, ओढायला घाबरला नाही. मग बाजूच्या दोन पुन्हा पहिल्यापासून, एकेक, शेजारची बाहेर ठेवून. तिसरी बांधून झाली तेव्हा माझा शर्ट पिळून काढावा असा झाला होता. मे महिना, आणि वर्कशॉपमधला कूलर नावापुरता.

तेवढ्यात हानी आला. "बसल्या?"

"बसल्या. पण मी अजून फॉर्म भरत नाही."

"आता काय राहिलं?"

"मॅडमनी एकटीनं तिघांना बसवून दाखवायचं. आपण कोणी हात लावायचा नाही."

निलेश पुढं झाला होता, त्याला मी दंडाला धरून मागे घेतलं. ईरा पुढच्या दारातून शिरली आणि दोन सीटच्या मधून मागे चढली. अश्विनीनं पहिल्या जुळ्याला उचललं आणि दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं तसंच सीटमध्ये ठेवलं. पट्टे लावायला गेली तर लागेनात, कारण खालचा पट्टा दोन पायांच्या मधून येतो आणि पाय तर दुपट्यात.

"आईनं सांगितलंय, एसीचा वारा लागतो," ती ओशाळून म्हणाली.

"आई बरोबर सांगतात. पण आधी बाळाला पट्टे लावा, घट्ट. पट्टा ढिला राहून चिमटीत येता कामा नये. दुपटं मग वरून घाला."

तिनं तसं केलं. पलीकडच्या दाराशी जाऊन दुसऱ्यालाही बसवलं. पण ईराच्या पट्ट्याच्या बकलपर्यंत तिचा हात पोचेना. दोन्ही बाजूंनी वाकून बघितलं. मध्ये जुळ्यांच्या सीटच्या भिंती. अश्विनी दारात तशीच उभी राहिली आणि तिचे डोळे भरून आले. एवढं सगळं होऊन इथं अडणार असं तिला वाटलं. मलाही वाटलं.

"ईरा, तुला लावता येतं का गं?" मी विचारलं.

"ऑफ कोर्स आय कॅन," ती म्हणाली, जणू हे विचारायला आम्हाला इतका वेळ का लागला. दोन्ही टोकं जुळवली, दाबली, खट्. पट्टा ओढून घट्टही केला. मी खिडकीतून हात लांबवून तिच्या खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरायचा प्रयत्न केला. धरता आला नाही.

अश्विनी ड्रायव्हिंग सीटवर बसली. बांध्यानं लहान, त्यामुळे तिची सीट पुढं होती तशी चालली. मग निलेश बसून बघायला गेला. सहा फूट उंच माणूस, मागे उलटी सीट. त्याचे गुडघे स्टिअरिंगला लागले. पलीकडच्या सीटवर बसला तर डॅशबोर्डला.

"काका, यात मला कुठं जागाच नाही!"

"तुम्हाला कंपनीची बस आहे ना," अश्विनी म्हणाली. सकाळपासून ती पहिल्यांदाच हसली.

मी फॉर्म भरला. 'नॉट रेकमेंडेड'चा चौकोन मोकळा सोडला आणि खाली सही केली. हानीनं वाचून बघितलं, शोरूमच्या दिशेनं एक सुस्कारा सोडला आणि पुढची गाडी आत घ्यायला सांगितलं.

ऑक्टोबरात अश्विनी चेकिंगसाठी आली. एकटीच, तिन्ही मुलांना घेऊन. नोकरी चालू होती. जुळी गुटगुटीत झाली होती, म्हणून पट्ट्यांची उंची वाढवून दिली. पुण्याचा विषय मी काढला नाही, तिनंच सांगितलं, "ते आता बोलत नाहीत त्याबद्दल." मग मुलांना बसवलं, ईरानं आतून खट् केलं आणि सगळी निघून गेली.

त्या संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर मी जैतूनला हे सगळं सांगितलं. मे महिन्यात सांगितलं नव्हतं, धीर झाला नव्हता. चार सेंटिमीटर, पुढं-मागं, दुपटं, सगळं. ती भाजी निवडत ऐकत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "मंजे जागा व्हती."

भाजी निवडणारा तिचा हात थांबला होता.

"आपल्याकडं पन व्हती," ती म्हणाली, आणि पुन्हा भाजी निवडायला लागली. रागावून नाही, नुसतं सांगितल्यासारखं. तेच मला जास्त लागलं.

आता सेक्शनमध्ये नवीन फिटर आला की मी त्याला पहिल्या दिवशी एवढंच सांगतो. टेप लाव, आकडे लिही, बेरीज कर. पण त्या बेरजेवर कोणाला परत पाठवू नकोस. आधी तिघांना बसवून बघ.