काकूंच्या स्टुलावरून

गल्लीच्या तोंडाशी फोटो स्टुडिओ चालवणाऱ्या गृहस्थांना सगळे तोंडावर काका म्हणत आणि पाठीमागे हनुवटी. पासपोर्टचा फोटो काढायला आलेला माणूस साहेब असो की हमाल, काका कॅमेऱ्यामागून एकच हुकूम सोडत, "हनुवटी वर!" नोकरीला लागलेली पोरं, परदेशी निघालेल्या मुली, रिटायर झालेली माणसं, सगळ्यांच्या हनुवट्या काकांनी वर केल्या होत्या. आपण काढलेला फोटो आजवर एकाही कचेरीने परत पाठवलेला नाही, हे ते ओळख होते न होते तोच सांगून टाकत. समोरच्याने विचारण्याची वाट बघणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

काकूंचा जीव मात्र टाकीत. दुकानामागच्या बैठकीच्या खोलीत, जिथे इतरांच्या घरी टीव्ही असतो, तिथे त्यांचा फिश टँक होता. फिश टँक म्हटलं की लोकांना प्लॅस्टिकचा खजिना आणि तोंडातून बुडबुडे सोडणारा बेडूक आठवतो. काकूंच्या टाकीत तसलं काही नव्हतं. तिथे पाण्याखाली खरोखरीची झाडं होती. पुढे गालिच्यासारखं बारीक गवत, मागे लालसर पानांच्या उंच फांद्या, मध्ये शेवाळ बांधलेलं एक वेडंवाकडं लाकूड, आणि या सगळ्यातून फिरणारे निळ्या पट्ट्याचे चिमुकले मासे. काकू रोज सकाळी लांब चिमटा नि कात्री घेऊन टाकीपुढच्या बुटक्या स्टुलावर बसत आणि एकेक पान निवडत. त्या वेळात घरात कुणी चहा मागितला तर त्याला स्वयंपाकघराची दिशा दाखवली जाई.

अशी झाडांची टाकी ठेवणाऱ्या मंडळींचा शहरात एक गट होता. वर्षातून एकदा ते प्रदर्शन भरवत. भरलेल्या टाक्या उचलून नेणार कोण, म्हणून प्रदर्शन फोटोंचंच. गेल्या वर्षी काकूंनी काकांना फोटो काढायला सांगितलं, तेव्हा काकांनी माणसांच्या फोटोग्राफरने माशांचे फोटो काढायचे का, असा तोरा दाखवला. मग काकूंच्या भावाने मोबाइलवर काढून दिला. प्रदर्शनात एक बाई त्या फोटोपुढे थांबल्या आणि मैत्रिणीला म्हणाल्या, "हे काय गं, भाजी उकडत ठेवलीय की काय?" काकू मागेच उभ्या होत्या. यंदा प्रदर्शन जवळ आलं तसं त्यांनी सांगून टाकलं, "मी नाही पाठवणार. टाकी घरात छान आहे, घरातच राहू दे."

आणि मग काकांच्या लक्षात आलं की काकू आठवडाभर कात्रीला शिवल्या नव्हत्या. पुढचं गवत वाढून काचेवर चढायला लागलं होतं. "फोटो मी काढणार," त्यांनी जाहीर केलं. "तू झाडं नीट कर."

"बघा हं," काकू म्हणाल्या. "मासे हनुवटी वर करत नसतात."

काकूंनी झाडं छाटली, ती पुन्हा भरून येईतो वाट पाहिली, आणि एका रविवारी काका सगळा सरंजाम घेऊन बैठकीत अवतरले. टाकीमागे पांढरा पडदा, दोन बाजूंना दोन छत्रीचे दिवे, मध्ये तिवईवर कॅमेरा. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, कारण गिऱ्हाइकापुढे काका कधी गबाळे उभे राहिले नव्हते. "इकडे बघा," असं ते सवयीने म्हणालेसुद्धा. मासे लाकडाखाली दडून बसले. काकांनी धडाधड फोटो काढले आणि मोठ्या ऐटीत कॅमेरा काकूंपुढे धरला.

काचेत दोन छत्र्या उभ्या होत्या. मधोमध पांढरा शर्ट, त्याच्यावर चकाकणारं टक्कल. झाडं त्यांच्यामागे कुठेतरी होती.

"छान आलाय हो," काकू म्हणाल्या. "तुमचा."

मेव्हण्याला ही बातमी कोणी पोचवली कोण जाणे, पण दुपारी त्याचा फोन आलाच. "भावोजी, ऐकलं की यंदा टाकीत नवा मासा सोडलाय!" काकांनी फोन ठेवून दिला.

पण काका हरणारा माणूस नव्हे. जेवण झाल्यावर ते माळ्यावर चढले आणि जुन्या डार्करूमचा जाड काळा पडदा खाली घेऊन आले. बैठकीच्या खिडकीवर एक, टाकीसमोरच्या भिंतीवर एक, असे दोन तुकडे लावले. स्वतः काळा सदरा घातला. छत्र्या हटवून एकच मोठा दिवा टाकीच्या वर, काचेच्या झाकणावर उजेड पाडेल असा बांधला. काच बाहेरून कोरड्या फडक्याने इतकी पुसली की ती आहे की नाही कळेना. पानं हलू नयेत म्हणून काकूंनी फिल्टर बंद केला. या खेपेला काचेत काही दिसलं नाही. झाडं स्वच्छ आली, एकेक पान मोजून घ्यावं इतकी. काका खूश झाले.

काकूंनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर बराच वेळ पाहिलं. मग फिल्टर पुन्हा सुरू केला आणि "चहा टाकते" म्हणून उठल्या.

तीस-चाळीस वर्षांच्या संसारात काकांना एवढं समजत होतं की हा चहा पिण्यासाठी नाही. "अगं, बोल की. काय कमी आहे?"

"कमी काही नाही. फोटोतलं मला काय कळतंय?"

"तरी?"

"मला दिसतं ते ह्यात नाही, एवढंच." काकू दारातच थांबल्या. "वाण्याच्या फळीवर जुड्या मांडाव्यात तशी दिसतायत झाडं."

"मग तुला काय दिसतं?"

काकूंनी पायाने बुटकं स्टूल पुढे सरकवलं. "बसा इथं."

काका बसले. एवढ्या वर्षांत त्या स्टुलावर ते कधी बसले नव्हते. येता-जाता उभ्याउभ्या टाकीकडे बघत, लाइट बिल किती येतं म्हणून कुरकुरत आणि दुकानात जात. आता डोळे टाकीच्या मध्यावर आले आणि सगळंच बदललं. वरून गवताचा तुकडा वाटत होता तिथे चढ होता. चढाच्या कुशीतून वाळूची वाट वळत वळत लाकडाच्या कमानीखालून आत जात होती, पुढे रुंद, मागे निमुळती, थेट लाल झाडांच्या रानात. हातभर खोलीच्या टाकीत मैलभर लांबचं दिसत होतं. दुपारभर वरून उजेड खाऊन पानांच्या कडांना बारीक बुडबुडे धरले होते.

"अगं," काका हळूच म्हणाले, "हे तू मुद्दाम केलंस?"

"नाही, आपोआप उगवलं," काकू म्हणाल्या. पण त्या हसत होत्या.

काकांनी तिवई दूर केली. स्टुलावर बसूनच कॅमेरा डोळ्याला लावला. आता अडचण एकच. काकूंच्या जागी हा कोण काळ्या सदऱ्यातला माणूस बसलाय म्हणून मासे बाहेर येईनात. तेव्हा काकूंनी फिल्टर बंद केला, त्या काकांच्या शेजारी जमिनीवर बसल्या आणि फोटोत येणार नाही असं एक बोट काचेच्या कडेला टेकवलं. आधी एक मासा आला. मग दोन. मग सगळा घोळका कमानीखालून निघून त्या बोटाच्या दिशेने वळला.

काका हुकूम सोडायचं विसरले. त्यांनी फक्त बटण दाबलं.

प्रदर्शनाच्या दिवशी फोटो दाराजवळच्या भिंतीवर लागला होता. काका नवा सदरा घालून जरा बाजूला उभे राहिले. कॅमेरा कोणता, भिंग कोणतं, उजेड कसा दिला, सगळी उत्तरं त्यांनी घरून तयार करून आणली होती. लोक येत होते, थांबत होते. पण फोटोबद्दल कोणी चकार शब्द काढत नव्हतं. "वाट कशी टिकवलीत हो? माझ्याकडे वाळू महिन्यात खाली घसरते." "हे लाल एवढं लाल कसं?" एक म्हातारे गृहस्थ तर फोटोला नाक लावून, फिल्टरचा पाइप कुठे लपवलाय ते शोधत होते. काकू उत्तरं देत होत्या. मान ताठ, पदर खांद्यावरून घसरलेला, हात हवेत झाडं लावत. एवढं सलग बोलताना काकांनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

सुरुवातीला काकांना जरा लागलं, खोटं कशाला बोला. मग ते फोटोपुढच्या त्या घोळक्याकडे बघत राहिले. ही माणसं कागदाकडे बघतच नव्हती. ती टाकीत बघत होती. काकांची छाती अशी भरून आली की नवा सदरा तंग वाटायला लागला.

गर्दीत हात मोकळे हवेत म्हणून काकूंनी आपली पर्स कधीतरी त्यांच्या हातात कोंबली होती. ती पोटाशी धरून ते उभे असताना गटातल्या एका बाईंनी विचारलं, "तुम्हीपण टाकी ठेवता का?"

"छे हो," काका म्हणाले. "मी ह्यांचा नवरा."

आणि मग, बाईंना नीट ऐकू गेलं नसेल म्हणून, पुन्हा एकदा मोठ्याने म्हणाले.