मटणाच्या वाराला साबुदाणा

ती घटना मागे पडली, मी निवृत्तही झालो, पण रविवारी कुणाच्या घरी साबुदाणा भिजत घातलेला दिसला की अजून मी आधी विचारतो, उपास कुणाचा? बायको हसते. हसू दे, तिला काय जातंय!

मी तेव्हा खालापूर तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. मे महिन्यातल्या एका सकाळी एक बाई ठाणे अंमलदारासमोर येऊन बसली. तिचा चोवीस वर्षांचा मुलगा साजगावच्या एका कारखान्यात कामाला होता. आदल्या दिवशी पाळीला म्हणून घरून निघाला, तो कारखान्यात पोचलाच नाही. फोन बंद. मिसिंग दाखल करताना नेहमीचे प्रश्न विचारले. भांडण? प्रेमप्रकरण? दारू?

"नाद एकच हाय, साहेब. फुटबॉलचा. तो पण इटलीचा," बाई म्हणाली. "यंदा गावदेवीला नवस बोललाय, आमचा संघ पयला येऊ दे म्हणून. म्याच असंल त्या दिवशी कडक उपास. कुठं ती इटली न् कुठं आमची गावदेवी! आमी हसायचो त्याला." मग ती एकदम रडायला लागली.

फोनचं शेवटचं लोकेशन कर्जतच्या बाजूला मिळालं, त्यापुढे काही नाही. मुलाच्या जिवलग मित्राला बोलावलं. घाबरलेला माणूस खोटं कमी बोलतो, अर्धं जास्त बोलतो. त्याला पाणी द्यावं आणि आपण गप्प बसावं. दुसऱ्या ग्लासाला मित्र बोलला. दोघांनी मिळून फोनवर एक ग्रुप चालवला होता. इटलीतल्या लीगचा कुठला सामना कोण जिंकेल, हे हा मुलगा आधी सांगायचा, आणि त्या हंगामात त्याचे अंदाज लागोपाठ खरे ठरले. ते सट्टेवाल्यांच्या कानावर गेलं.

"पांढऱ्या गाडीतून दोघं आले होते, साहेब. विचारत होते, ह्याला इटलीतून आतली खबर कोण देतो."

"आणि कोण देतं?"

"कोण देणार? तो नुसता बघत बसतो रात्रभर. पण त्यांना पटंना. त्याला म्हणाले, कर्जतला चल, बसून बोलू. मी म्हनलं जाऊ नको."

ज्याच्याकडे गुपित आहे तो ते सांगून सुटतो. ज्याच्याकडे गुपितच नाही, तो काय सांगून सुटणार? जोवर अंदाज बरोबर येतायत तोवर पोरगा धडधाकट, एक चुकला की हा आपल्याला फसवतोय म्हणून ते त्याचे हातपाय मोडतील, नाहीतर जीवच घेतील. माझ्या हातात फार तर हंगाम संपेपर्यंतचा अवधी होता.

कर्जत ठाण्याला कळवलं. त्या भागात फार्महाऊस आणि बंगले इतके की शोधता शोधता नाकी नऊ आले. हाती काही लागेना. ज्या खेळातला ऑफसाइड मला आजही कळत नाही, त्याचे निकाल मी सकाळी उठून पाहायला लागलो. त्या दिवसांत झालेले दोन्ही सामने मुलाचा संघ जिंकला. त्यानं काय अंदाज दिले असतील, देव जाणे. आई रोज ठाण्याच्या बाकावर येऊन बसायची. तिच्यासमोरून जाताना माझी मान वर होत नव्हती.

शेवटच्या सामन्याचा रविवार उजाडला. सकाळी आमचा एक हवालदार सासुरवाडीहून, कर्जतजवळच्या दहिवलीहून, ड्यूटीवर आला. चहा घेताना तो हसत हसत मेहुण्याची गोष्ट सांगायला लागला. मेहुण्याचं तिथे किराणा दुकान.

"साहेब, तिथल्या एका बंगल्याचा राखणदार हाय. मागच्या मागच्या रविवारी साबुदाणा घेऊन गेला, मग शुक्रवारी, आज परत. मेव्हणा म्हणतो, सगळे मटणाचे वार, न् हा उपास कुठल्या देवाचा? वर ह्याच्या पिशवीत कोंबडी असतेच!"

सगळे हसले. मी मात्र बशी खाली ठेवली. "त्या पोराच्या संघाचे सामने कधी कधी झाले ते बघ," मी शिपायाला म्हणालो. त्यानं फोन काढला. रविवार, शुक्रवार, आणि आज दुपारी शेवटचा.

अर्ध्या तासात साध्या वेशात आम्ही दहिवलीच्या वाटेवर होतो. कर्जतची कुमक मागवली, ती यायला दुपार झाली. मेहुण्यानं 'सामान राहिलंय' म्हणून राखणदाराला दुकानात बोलावून घेतलं. पन्नाशीचा, गळ्यात माळ नाही, कपाळाला बुक्का नाही. आतल्या खोलीत बसवून मी एकच विचारलं, "आज उपास कुणाचा?"

"माजाच, साहेब."

त्याच्या तोंडाला सुक्या मासळीचा वास येत होता. "परत सांग."

मी त्याच्यापुढे पाणी ठेवलं. आवाज चढवावा असं फार वाटत होतं, वेळ निघून चालला होता. तरी गप्प बसलो. शेवटी तोच बोलला. "मालकाच्या पोरांनी एकाला कोंडलाय. मला म्हनले, तोंड उघडलंस तर तुझं बी तसंच. कोंबडी दिली तर पोरगा हात लावंना, नवस हाय म्हनला. उपाशी माणसाचा उपास मोडायचा? असलं पाप मी नाय करणार, साहेब."

आम्ही मागच्या दारानं शिरलो तेव्हा सामना चालू होता. मुलगा टीव्हीसमोर खाली बसलेला, ओठ सुजलेला. त्यानं आज प्रामाणिक अंदाज दिला होता, आपला संघ हरेल म्हणून. आणि संघ एका गोलनं पुढे होता! चौघं खुर्च्यांवरून उठले होते, एकाच्या हातात स्टंप होता. आणखी थोडा उशीर झाला असता तर काय, हा विचार मी आजही पुरा करत नाही. गाडीत बसल्यावर मुलगा म्हणाला, "गोल झाला तेव्हा मला रडू आलं, साहेब. वर्षभर ह्याच गोलासाठी उपास धरले न् देवीला म्हनलं, आई, आता फिरव."

त्याच्या आईनं त्याला बघताक्षणी एक थोबाडीत दिली आणि मग सोडेचना.

चौघांबरोबर राखणदारालाही अटक करावी लागली. माणूस डांबून ठेवलाय हे ठाऊक असून तो गप्प राहिला होता. भीती खरी होती, पण गुन्हाही खरा होता. नोकरीत मी शेकडो आरोपी पाहिले. आधी वाटायचं, माणूस एकदा वाईटाला लागला की लागला. तसं नसतं. बहुतेकांची एखादी गोष्ट अशी असते, जी ते काही केल्या करत नाहीत. तपासात मी नंतर तीच शोधत गेलो.

दुसऱ्या दिवशी बाई डबा घेऊन आली. वाटलं, मुलाच्या जबाबासाठी आलीय. म्हणाली, "लॉकअपमधल्या त्या राखणदाराला द्यायचा हाय."

"अहो बाई, तुमच्या पोराला डांबणाऱ्यांतला तो."

"डांबला त्याचं तुमी बघा, साहेब," ती म्हणाली. "उपाशी नाय ठेवला, त्याचं मी बघते."