हातचा कुणाकडं?

गणिताच्या प्रशिक्षणातून माणूस घरी काय घेऊन येतो, असं आमच्या हिनं एकदा विचारलं. मी म्हटलं, "एक फाईल, एक पेन आणि एक प्रमाणपत्र." हे खरं आहे, पण पूर्ण नाही. बेरीज करताना एककाच्या घरात एक आकडा मांडतो आणि एक हातचा धरतो ना, तसा प्रत्येक प्रशिक्षणात एखादा किस्सा हातचा राहतो. तो पुढच्या प्रशिक्षणात मिळवावा, तर तिथं नवा हातचा तयार! वीस वर्षं बिडकीनच्या शाळेत गणित शिकवतोय. आता इतके हातचे साठलेत, की मूळ बेरीज कोणती होती तेच आठवत नाही.

रोज चार ओळी लिहून ठेवायची सवय आहे म्हणून निदान क्रम तरी लागतो. खालचे सगळे किस्से एकाच प्रशिक्षणातले. उस्मानपुऱ्यातली शाळा, तीन दिवस. शेवटच्या दिवशी इच्छुकांनी दहा मिनिटांचा नमुना पाठ घ्यायचा आणि त्यातून दोघांची जोडी जिल्ह्यासाठी 'सुलभक' म्हणून निवडली जाणार. सुलभक म्हणजे मास्तरांना शिकवणारा मास्तर.

मला ते व्हायचं होतं. फार व्हायचं होतं. वीस वर्षं मी प्रत्येक प्रशिक्षणात तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. एकदा तरी त्या टाळ्या समोरून ऐकायच्या होत्या.

०

पहिल्या दिवशी बाहेरून आलेले तरुण तज्ज्ञ म्हणाले, "मित्रांनो, नुसतं शिकू नका. नेटवर्किंग करा!"

मागून पैठणचे जाधव सर ओरडले, "सर, हॉलमधी नेटवर्कच नाय. जिन्यात येतंय!"

तज्ज्ञांना तो विनोद वाटला. विनोद नव्हता. चहाच्या सुट्टीत आम्ही सगळे जिन्यात, एकेका पायरीवर एकेक, मोबाईल उंच धरून उभे. खाली जाणारा म्हणायचा, "जरा सरका," वर येणारा विचारायचा, "शाळा कुठली तुमची?" अर्ध्या तासात झाडून सगळ्यांच्या ओळखी झाल्या आणि ग्रुपही निघाला. नाव ठेवलं 'पायऱ्या'. गणितात पायरी गाळलेली आम्हाला चालत नाही.

स्वागताचा पहिला मेसेज उत्साहानं मी टाकला. "सर्वांचे मनःपूर्वक स्वागत! एकत्र येऊ, प्रश्न सोडवू!"

टाकला तो आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर. लगेच उत्तर आलं, "स्वागत राहू द्या. टँकर कधी येतोय?"

०

जिन्यात माझ्या वरच्या पायरीवर छावणीतल्या उर्दू शाळेच्या शेख मॅडम होत्या. पुढच्या सत्रात शेजाऱ्याची ओळख करून द्यायची होती. मी त्यांची ओळख शिक्षण, अनुभव, आवडीनिवडी अशी मुद्देसूद करून दिली. मग त्या उठल्या.

"ये पाठक सर. बिडकीन. बीस साल से फळ्यावर लिहितेत, और खुदच पुसतेत."

हॉल हसला. मीही हसलो. उत्तर बरोबर होतं, काय करणार!

बसल्यावर त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही हातचा म्हणता ना, त्याला आमच्याकडं हासिल म्हणतेत."

"हासिल? म्हणजे मिळवलेलं?"

"हौ. तुमचा नुसता हातात राहतो, आमचा कमाईत जातो!"

मला तो शब्द इतका आवडला, की मी तो तिथंच बसून घोकला. घोकलेलं किती टिकतं, ते पुढं येईलच.

०

दुसऱ्या दिवशी गटकार्य. आम्ही सत्तेचाळीस जण. सात-सात जणांचे गट करायचं ठरलं. सगळेच गणितवाले असल्यामुळं यावर फक्त पाऊण तास चर्चा झाली. सहा गट झाले आणि आम्ही पाच जण उभेच राहिलो.

"आम्ही कुठं बसू?" मी विचारलं.

"तुम्ही बाकी," तज्ज्ञ म्हणाले. "बाकीच्यांनी चहाचं बघा."

बाकी नेहमी भाजकापेक्षा लहान असते, हे मी वीस वर्षं शिकवलंय. त्या दिवशी ट्रे हातात घेऊन ते समजलं. माझं तोंड बघून जाधव सर म्हणाले, "पाठक सर, वाईट वाटून घेऊ नका. दशांशचिन्ह द्या अन् पुढं चला!"

०

त्याच दुपारी तज्ज्ञांनी अपूर्णांकांच्या भागाकाराची नवीन पद्धत दाखवली. फळा भरला. ते वळले आणि म्हणाले, "समजलं का?"

"हो सssर!"

काय सूर लागला होता! तिसरीचा वर्गसुद्धा इतका एका सुरात म्हणत नाही.

"छान. मग कोण सांगेल?"

सगळ्या माना खाली. कुणाचं पेनचं टोपण हरवलं, कुणाच्या चष्म्यावर डाग पडला. तज्ज्ञांची नजर माझ्याकडं वळली, तसा माझा हात आपोआप वर गेला. ते खूश झाले. "या सर, या!"

मग त्यांना दिसलं, की मी फक्त करंगळी वर केली होती.

"जा," ते म्हणाले.

०

स्वस्तातलं शैक्षणिक साहित्य घेऊन या, असं सांगितलं होतं. जाधव सरांनी डब्यातली ठेचा-भाकरी आणली. भाकरीचे आठ सारखे तुकडे केले, टेबलावर मांडले आणि फळ्याकडं वळून 'एक अष्टमांश' हे सुवाच्य अक्षरात लिहू लागले. जेवणाची सुट्टी लांबली होती. अक्षर जरा जास्तच सुवाच्य झालं.

परत वळून त्यांनी विचारलं, "सांगा बरं, आता माझ्याकडं काय आहे?"

पहिल्या रांगेतून तोंड भरलेला आवाज आला, "ठेचा!"

०

नमुना पाठासाठी मी निवडलेला विषय 'हातच्याची बेरीज'. आदल्या संध्याकाळी स्वयंपाकघरात हिच्यासमोर सराव केला. अगदी रंगून शिकवलं. शेवटी विचारलं, "समजलं का?"

"हो."

"मग सांग बरं, काय समजलं?"

ती म्हणाली, "ते राहू द्या. कुकरच्या शिट्ट्या मोजायला सांगितल्या होत्या तुम्हाला. किती झाल्या?"

डाळीचा वास आला, तेव्हा आम्हा दोघांनाही उत्तर कळलं.

०

तिसरा दिवस. निवड करणारे साहेब पहिल्या रांगेत बसले. बाकी शिक्षकांनी तिसरीची मुलं व्हायचं होतं. ते काम सगळ्यांना सहज जमलं. शेख मॅडमचा पाठ आधी झाला, मग माझा नंबर.

मी अठ्ठेचाळीस अधिक सदतीस मांडले. खिशातून आईस्क्रीमच्या काड्या काढल्या. आठ आणि सात, पंधरा सुट्या काड्या. त्यातल्या दहांची जुडी करून रबर लावलं, पाच फळ्यावर लिहिले आणि जुडी उंच धरून म्हणालो, "बाळांनो, हा आपला हातचा! याला विसरायचं नाही!" मग ती जुडी मोठ्या नाट्यमय रीतीनं शेख मॅडमच्या हातात दिली. "बाळ, सांभाळ."

"हौ सर," बाळ म्हणालं.

हॉल तल्लीन झाला होता. साहेब मान डोलवत होते. मला पुढच्या टाळ्या आताच ऐकू येऊ लागल्या. त्या भरात मी चार आणि तीन सात केले. फळ्यावर टपोरे पंच्याहत्तर लिहिले, खाली दोन रेघा ओढल्या आणि वळलो.

"समजलं का?"

"हो सssर!" सगळा हॉल.

फक्त शेख मॅडमनी हात वर केला. हातात काड्यांची जुडी होती.

"सर, हासिल?"

मला वाटलं, पाठातून काय साध्य झालं ते विचारतायत. साहेबांना हाच प्रश्न आवडतो, असं ऐकून होतो. मी छाती पुढं काढली आणि पाठ केलेलं वाक्य खणखणीत म्हटलं,

"हासिल हेच, की या पाठानंतर विद्यार्थी हातचा कधीही विसरत नाही!"

मला टाळ्या पडल्या. अर्ध्यातच थांबल्या. साहेबांनी चष्मा लावला, काढला, पुसला आणि परत लावला. मी त्यांच्या नजरेमागं फळ्याकडं वळलो.

पुढची पाच मिनिटं मी खुदच लिहिलेलं खुदच पुसत होतो.

निकाल ग्रुपवर येणार होता, म्हणून संध्याकाळी सगळे जिन्यात. मी सगळ्यात खालच्या पायरीवर, पिशवी खांद्याला, निघायच्या तयारीत. जाधव सर वरून ओरडले, "आला, आला!" पहिलं नाव शेख मॅडमचं. दुसरं वाचून ते थांबले. "पाठक सर, हे तर तुमचं हाय!"

मी म्हटलं, "टाईप करताना चुकले असतील."

शेख मॅडम उतरून माझ्या पायरीवर आल्या. "चुकले नाहीत. साहेबांनी विचारलं, जोडीला कोण पाहिजे? मैंने आपका नाम दिया."

"माझं? त्या पंच्याहत्तरनंतर?"

त्यांनी पर्समधून जुडी काढली. रबर तसंच होतं.

"आप फळ्यावर लिखो, सर. हासिल मैं संभालती."