विकतचं दही आणि आपला डावखुरा

विकतच्या दह्यावर चिडून भरल्या ताटावरून उठलेला माणूस मी अख्ख्या अमेरिकेत एकच पाहिला, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. ताट आमच्याच घरचं होतं. लग्न होऊन मी नुकताच मिशिगनमध्ये ट्रॉयला राहायला आलो होतो आणि मामा-मामींना पहिल्यांदाच जेवायला बोलावलं होतं. मामांनी कोशिंबिरीचा एक घास घेतला, चमचा खाली ठेवला आणि विचारलं, "जावईबापू, हे दही घरी लावलंय की दुकानातलं?" मी खरं ते सांगितलं. मामा उठले, हात धुतले, गाडी काढून स्वतःच्या घरी गेले आणि वाटीभर विरजण घेऊन परत आले. ते आमच्या फ्रिजमध्ये ठेवल्यावरच त्यांनी गार झालेला भात संपवला.

ते विरजण मामी लग्न होऊन या देशात आल्या तेव्हापासून चालू आहे. मामा-मामी भारतात गेले की ते शेजारच्या पोलिश बाईंकडे मुक्कामाला जातं, आणि मामा तिथून फोन करून आधी त्याची खुशाली विचारतात. कढीपत्त्याचं झाड त्यांनी बी रुजवून वाढवलंय. हिवाळ्यात खिडकीपाशी ऊन येतं म्हणून कुंडी मामांच्या आरामखुर्चीत असते आणि मामा स्टुलावर. "दुकानात जुडी मिळते हो मामा," असं म्हणायची चूक मी एकदाच केली. "आयतं सगळंच मिळतं," ते कडाडले, "म्हणून माणसाने काही वाढवायचंच नाही?" महाराष्ट्र मंडळाने गणपतीत मुंबईहून नावाजलेला गायक आणायचं ठरवलं, तेव्हा मामांनी मीटिंग इतकी ताणली की हॉलवाला एकेक दिवा घालवू लागला. "मग इथल्या पोरांनी काय नुसत्या खुर्च्या मांडायच्या?" हा त्यांचा सवाल. गायक आला तो आलाच. मामांनी दुसऱ्या दिवशी स्वतःच्या बेसमेंटमध्ये पोरांचं गाणं ठेवलं. ऐकायला आम्ही घरचेच काही जण होतो, आणि गाणं, खोटं कशाला बोलू, फार वाईट झालं. मामांनी वन्समोअर दिला.

पण मामांचा खरा संताप बेसबॉलसाठी राखीव असतो. इथल्या प्रत्येक मोठ्या संघाच्या पदरी लहान गावांतून धाकटे संघ असतात. विशी-बाविशीतली पोरं तिथे बसने गावोगाव हिंडत खेळ शिकतात, आणि त्यातली चार-दोन वर जातात. सगळं शहर टीव्हीसमोर बसून मोठ्या संघाचा सामना बघत असताना मामा दर शनिवारी मामींना आणि मला गाडीत घालून लांबच्या एका गावी धाकट्या संघाचा खेळ बघायला नेतात. थर्मासमध्ये चहा, स्टीलच्या डब्यात चिवडा. तिथेच त्यांना तो डावखुरा सापडला. ओहायोतल्या कुठल्याशा शेतावरचा काटकुळा पोरगा. चेंडू टाकायचा भयंकर वेगाने, पण तो जाईल कुठे याची खात्री कुणालाच नसे. त्याच्या पहिल्याच सामन्यात एक चेंडू अस्वलाचा वेष घालून कडेला नाचणाऱ्या माणसाला लागला आणि उरलेला सामना अस्वलाने बसून काढला. सगळे हसत होते. मामा एकटे गंभीर होते. "वेग देवाने दिलाय," ते म्हणाले, "दिशा शिकवता येते."

त्या दिवसापासून तो 'आपला डावखुरा' झाला. तो गडबडला की मामा उभे राहून खणखणीत मराठीत सांगत, "घाई नको रे, घाई नको." पहिल्या वर्षी पोरगा दचकून बघायचा, दुसऱ्या वर्षी टोपीला हात लावू लागला. मामींनी बेसनाचे लाडू दिले तेव्हा त्याने विचारलं, यात प्रोटीन आहे का. "भरपूर," मामी म्हणाल्या, आणि त्याने दोन तिथेच संपवले. तिसऱ्या उन्हाळ्यात तो मोठ्या संघात गेला. मामांनी त्याच्या नंबरची जर्सी आणली, आणि मंडळाच्या सत्यनारायणाला ती झब्ब्यावर घालून बसले. गुरुजींनी एकदा बघितलं आणि मंत्र पुढे चालू ठेवले.

आणि महिन्याभरात मोठ्या संघाच्या मालकांनी आपला डावखुरा आणि आणखी दोन पोरं दुसऱ्या शहराला देऊन टाकली, आणि बदल्यात एक नामांकित फलंदाज आणला. नाव मोठं, मानधन त्याहून मोठं, आणि गुडघे दोन्ही कामातून गेलेले. "तीन कोवळ्या काकड्या देऊन एक जून भोपळा घेतला," मामा म्हणाले. रेडिओवर खेळाच्या कार्यक्रमात लोक फोन करून मतं मांडतात, तिथे मामांनी फोन लावला. "सर, यू आर बायिंग योगर्ट. यू मस्ट मेक इट अॅट होम," ते तळमळून सांगत होते. निवेदकाने नम्रपणे सांगितलं की हा बेसबॉलचा कार्यक्रम आहे. मी हसलो, पण खरं सांगतो, संताप मलाही आला होता. चेंडू अस्वलाला लागत होता तेव्हा हे मालक कुठे होते? आम्ही होतो, तो गावातला म्हातारा कोच होता. पीक उभं राहिल्यावर यांना शेताची आठवण झाली. मामांनी जाहीर केलं की मोठ्या संघाच्या मैदानात ते पुन्हा पाऊल ठेवणार नाहीत, आणि या माणसाने विकतच्या दह्याशी आजवर तडजोड केलेली नाही, तेव्हा हे खरंच होणार असं आम्ही धरून चाललो.

पुढच्या रविवारी त्यांच्याकडे जेवायला होतो. मामांचा पट्टा चालूच होता. "घडवायचं एकाने, आणि पैसा आहे म्हणून आयतं उचलून न्यायचं दुसऱ्याने. याला चोरी म्हणतात." मामी पोळी वाढत होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "अहो, तुम्हाला तरी इथे कुणी घडवलं? कराडला शिकलात, सरकारी फीत. इथल्या मोटारीच्या कंपनीने तयारच उचललं ना तुम्हाला? तेव्हा नाही म्हणालात चोरी." मामांनी ताकाची वाटी तोंडाला लावली.

सप्टेंबरमध्ये डावखुऱ्याचा नवा संघ आमच्या शहरात खेळायला येणार होता. मामांचा फोन आला, "तिकिटं काढा." मी शपथेचा विषय काढला नाही.

मामा तीच जर्सी घालून आले. डावखुरा परक्या रंगाच्या कपड्यांत उभा, समोर आपला महागडा फलंदाज. पहिले दोन चेंडू भलतीकडेच गेले. सगळं मैदान आनंदाने ओरडायला लागलं, आणि त्या कल्लोळात मामा उठले. "घाई नको रे, घाई नको." पोराने टोपीला हात लावला. घाम पुसायला लावला असेल, पण मामींना विचाराल तर आमच्यासाठीच. पुढचे तीन चेंडू फलंदाजाला दिसले सुद्धा नाहीत. या खेळात तीन चेंडू हुकले की बाद. तो परत निघाला तसं मैदान चिडीचूप झालं, आणि मामा एकटे टाळ्या वाजवत उभे होते. मागच्या रांगेतला एक जण वैतागून म्हणाला की तो आता आपला नाही, सर. "ही इज फ्रॉम हियर," मामा म्हणाले, आणि वाजवतच राहिले.

परतताना गाडी मी चालवत होतो. मामा खिडकीबाहेर बघत होते. "मी अमेरिकेला निघालो तेव्हा वर्कशॉपचे सर कराडच्या स्टँडवर आले होते," ते एकदम म्हणाले. "कानस धरायला त्यांनी शिकवलं मला. हात धरून. एसटी हलेपर्यंत उभे होते, पेढे दिले. मला वाटलं, सर किती खूश आहेत." मामी मागच्या सीटवरून म्हणाल्या, "असतीलही हो खूश." मामा म्हणाले, "असतील. मी पत्र नाही पाठवलं कधी."

यंदा एप्रिलमध्ये पुन्हा त्यांचा फोन आला. धाकट्या संघात एक नवा पोरगा आला होता. वेग आहे म्हणे, दिशा नाही. "तयार व्हायला दोन वर्षं लागतील," मामा म्हणाले. "मग नेतीलच कुणीतरी."

"मग आपण कशाला जायचं, मामा?" मी विचारलं.



"चहा मी आणतो, जावईबापू," मामा म्हणाले. "तुम्ही फक्त वेळेवर या."