कुसुमची उभं राहायची तऱ्हा

पूर्वा, हे वाचताना तरी माझ्याजवळ बस गं. बंगळुरूला गेल्यापासून व्हॉट्सॲपवर नुसते अंगठे पाठवतेस — आणि आता म्हणे, आपली ती बिनबोलाची फिल्म यंदा गणपतीत सोसायटीत पुन्हा लावू, मावशी, काय ॲक्टिंग होती तुमची! ॲक्टिंग? आज सांगते ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही.

डान्सबारमधल्या बाईची सात मिनिटांची गंमत. कॅमेरा तू धरलास, नाचले मी — साठीची बाई, चमचम साडीत. वर हात, डोळे, हसू सगळं चालू. खाली एक पाय हळूच सँडलमधून काढून दुसऱ्या पोटरीवर टेकवायचा. चोरून विश्रांती. लोक त्यावरच लोळले ना? तू विचारलंस, कसं सुचलं? म्हटलं, सुचलं आपलं.

खोटं. ते कुसुमचं होतं.

कुसुम — तिसऱ्या मजल्यावरची, भांडुपातली माझी सगळ्यात जुनी मैत्रीण. तरुणपणी ती बारमध्ये नाचायची. बिल्डिंगला सांगितलेलं, औषधांच्या कंपनीत पॅकिंगला होते. खरं फक्त मला सांगितलं, माझ्या ओट्याशी, मटार सोलताना. पाय सुजायचे, म्हणून ही युक्ती — करून दाखवली, दोघी हसलो. सवय काही सुटली नाही. भाजीवाल्यापुढेही तशीच उभी राहायची. मग लोक ओळखतील हे मला ठाऊक नव्हतं? होतं! चांगलं ठाऊक होतं.

त्या गणपतीत फिल्म लावली तेव्हा मंडपात ती मागे उभी होती — तशीच, एक पाय वर. तिच्या पुढच्या रांगेतली देसाईबाई वळली, मग सगळी रांग वळली. "अगं बाई, ही तर आपली कुसुम!" पडद्यावरचं हसू उठून तिच्या अंगावर गेलं. तिने पाय खाली ठेवला, चप्पल घातली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी बायकांनी मला गाठलं — बारमध्ये होती का गं ती? मी म्हटलं, "मला काय ठाऊक!" तेव्हापासून हळदीकुंकवाला तिला बोलावत नाहीत. मी जाते. वाण घेऊन येते.

भोळेपणी झालं, असलं काही म्हणणार नाही. मला हशा हवा होता. मिळाला — आणि आवडला.

फिल्म लावायची नाही. कमिटीने विचारलं तर सांग, मावशीने मैत्रिणीची टवाळी करून टाळ्या घेतल्या. देसाईबाईला बोलायचं ते बोलू दे. आणि कुसुमची माफी? नाही मागणार. तिने "जाऊ दे गं" म्हणायचं आणि मी मोकळी व्हायचं? एवढंही तिच्याकडून घ्यायचं नाही मला.

तू मात्र लवकर ये. माझी बाजू घ्यायला नको. नुसती ये.