रंगाशिवाय काढलेला फोटो

मी वसमतला हळदीचा व्यापार करतो. दुसऱ्याच्या आडतीवर पोती उचलत सुरुवात केली, आज स्वतःचं दुकान आहे. मागं एका प्रयोगशाळेनं माझ्या चोख हळदीत रंग मिसळलाय असा खोटा रिपोर्ट दिला होता. तो राग अजून गेलेला नाही. मशीन, रिपोर्ट म्हटलं की माझं डोकं फिरतं.

बायकोला शौचावाटे रक्त जात होतं. लाजेपायी तिनं दोन महिने सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा मी मूळव्याधीचं गावठी औषध आणून दिलं. ती पांढरीफटक पडली, चार पायऱ्या चढली की बसायची. मग डॉक्टरांनी मोठ्या आतड्याच्या रक्तवाहिन्या बघायला सीटी स्कॅन लिहून दिला.

स्कॅनच्या खोलीबाहेर एका मुलीनं कागद पुढं केला. "काका, सही करा. शिरेतून औषध सोडायचंय, त्यानं नसा उजळून दिसतात."

"म्हंजे रंग?"

"तसंच समजा."

"रंग टाकून माल दाखवायचं मला नका शिकवू! साधा फोटो काढा. असंल ते दिसंल."

"साध्यात नसा बराबर दिसत न्हाईत, काका."

"काढता, का जाऊ दुसरीकडं?"

"अवं, देऊ द्या की," बायको म्हणाली. "माझ्याच अंगात जाणार हाय."

"तू गप बस."

सौद्यात मी असाच उठून उभा राहतो आणि समोरचा नमतो. मुलगीही नमली. तिनं कागदावर 'औषधास नातेवाइकांचा नकार' लिहिलं, मी जिंकल्यासारखी सही ठोकली.

रिपोर्टात काही निघालं नाही. आठवडाभर मी दुकानात फुशारकी मारली. मग बायको न्हाणीत कोसळली, रक्ताच्या थारोळ्यात.

नांदेडला पुन्हा स्कॅन झाला, औषध सोडून. या वेळी मी न वाचताच सही केली. आतड्याच्या उजव्या बाजूला बारीक नसांचा गुंता पांढरा लखलखीत दिसला. पहिल्या फोटोत ती जागा नुसती करडी होती. दुर्बीण घालून डॉक्टरांनी तो गुंता जाळला, रक्त थांबलं. ती वाचली.

गेल्या तपासणीला नव्या डॉक्टरांनी जुनी फाईल चाळली. "पहिल्या वेळी औषधाला नकार? कोणी दिला?"

मी फाईलीतल्या माझ्या सहीकडं बघितलं.

"सही यांची हाय साहेब," बायको म्हणाली, "पण नको मीच म्हणले व्हते. सुईचं भेव वाटलं."

डॉक्टर तिला रागावले. तिनं खाली मान घालून ऐकून घेतलं. मी शेजारच्या खुर्चीवर बसून होतो.